आईचा मांडववाला

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या आमच्या घरात भिंतीवर एकही खिळा नव्हता. हे मी कोणाला सांगितलं की त्यात एवढं काय, असा चेहरा होतो. पण त्या घरात राहून बघायला हवं होतं. आरसा बेसिनच्या कठड्यावर टेकवलेला होता, त्यामुळे भांग पाडायचा तर मान खाली घालून. गणपतीची तसबीर फ्रिजवर, कॅलेंडर दाराच्या मुठीला, आईबाबांच्या लग्नाचा मोठा फोटो जमिनीवर, भिंतीला पाठ लावून शिक्षा केल्यासारखा. समोरच्या खोलीला रस्त्याकडे भलीमोठी काच होती. आमच्या गल्लीत कोणीच पडदे ओढत नसे, सगळ्यांचे दिवे, झाडं आणि जेवणाची टेबलं रस्त्यावरून दिसायची. आमच्या काचेवर मात्र कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली सोलापुरी चादर होती. पडदे घ्यायचे म्हणजे दांडी लावायची, दांडी लावायची म्हणजे भिंतीला भोक पाडायचं, आणि भोक पाडायला बाबांची मनाई होती. "आपल्याला कुठे इथे जन्म काढायचाय? पुढच्या वर्षी जायचंच आहे," असं ते म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आणि सतरा वर्षांची झाले तरी ऐकतच होते.

बाबा वाईट होते असं कोणी समजू नये. ते एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत, सकाळी फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, स्टेशन, तिथून ट्रेनने द हेग, संध्याकाळी त्याच वाटेने परत. विमानतळ जवळच असल्यामुळे आमच्या डोक्यावरून सारखी विमानं जायची. जेवता जेवता बाबा मान वर करून म्हणायचे, "हे आपल्याकडचं दिसतंय." ते त्यांना कसं कळायचं देव जाणे. आई त्यांच्या पानात वरण वाढायची आणि मी माझ्या पानाकडे बघत बसायचे, कारण विमान गेलं की बाबा थोडा वेळ गप्प होत आणि त्या गप्प बसण्याची मला धास्ती वाटायची.

या सगळ्याच्या मुळाशी साताऱ्याचे अण्णा होते, बाबांचे वडील. निघताना बाबांनी त्यांना सांगितलं होतं, दोन वर्षांत परत येतो. अण्णांनी त्यांच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ उतरवून आमच्या सामानात घातलं. "तिकडे लावा. टोले पडले की घरात असल्यासारखं वाटेल," असं म्हणाले. मग पहिल्या वर्षी त्यांनी फोनवर विचारलं, घड्याळ लावलं का? बाबा म्हणाले, "दोन वर्षांसाठी कशाला भिंत फोडायची अण्णा? परत येऊ तेव्हा तुमच्याच भिंतीवर लावू." अण्णा इतके खूश झाले की ती गोष्ट त्यांनी साऱ्या सोसायटीत सांगितली. घड्याळ लावलेलं नाही याचा अर्थ मुलगा येतोय, असं त्यांनी मनाशी धरलं आणि बाबांनीही. तेव्हापासून ते घड्याळ आमच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभं होतं. लंबकाचं घड्याळ टेकवून ठेवलं की चालत नाही, ते ओळंब्यात, अगदी सरळ टांगावं लागतं. त्यामुळे ते कायम सव्वाचारवर थांबलेलं असायचं.

दर रविवारी दुपारी बारा वाजता साताऱ्याला फोन. तिकडे अण्णांच्या चहाची वेळ. फोन स्पीकरवर ठेवलेला असायचा आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती बसायचो. तब्येत, पाऊसपाणी, माझे मार्क झाले की अण्णा विचारायचे, "मग, कधी येताय?" बाबा म्हणायचे, "बघतोय. पुढच्या वर्षी." माझ्या पलंगामागे रिकामे खोके घड्या घालून ठेवलेले होते, येताना ज्यांतून सामान आणलं तेच, आणि त्यांच्यावर आईच्या अक्षरात 'स्वयंपाकघर – जपून' असं लिहिलेलं होतं. मी त्या खोक्यांशेजारी झोपायचे. डच मैत्रिणी त्यांच्या खोल्यांच्या भिंती रंगवायच्या, माझ्या खोलीत मला एक पोस्टर लावता येत नव्हतं. मला त्या घरात श्वास कोंडल्यासारखं व्हायचं, आणि हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण कोणी काही वाईट करतच नव्हतं.

आईचं तर त्याहून कठीण. ती पुण्यात आर्किटेक्ट होती, साइटवर हेल्मेट घालून गवंड्यांशी हुज्जत घालणारी. बाबांच्या व्हिसावर इकडे आली. इथे नावापुढे आर्किटेक्ट लावायचं तर नोंदणी हवी, त्यासाठी कागद, परीक्षा, भाषा, सगळं मिळून दोन-तीन वर्षं सहज. आणि आपण तर दोनच वर्षांसाठी आलोय! तेव्हा तिने सुरुवातच केली नाही. पुढे प्रत्येक वर्षी तोच हिशेब पुन्हा मांडला गेला. तिने भाषेचा क्लास लावला नाही, मग बाहेरचं सगळं बोलणं माझ्या गळ्यात पडलं. खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत मी, दुकानात मी, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरांकडे, तिथेही मीच. तेरा वर्षांची मुलगी आपल्या आईच्या पाळीच्या तक्रारी एका उंच, सभ्य डॉक्टरला डचमध्ये सांगते आहे आणि आई भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघते आहे, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. आज माझं वय आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय. आता कळतं की त्या खोलीत माझ्यापेक्षा ती जास्त शरमली असेल.

तिचा एकच विरंगुळा होता, हॉर्नब्रुक. इलायजा हॉर्नब्रुक नावाचा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन आर्किटेक्ट. तो आमच्या घरात आला कसा, तर कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रबंधाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. आईला वाईचे घाट हवे होते. ते मागच्या बाकावरच्या मुलाला मिळाले, ज्याला वाई कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं, आणि आईच्या वाट्याला हा न पाहिलेला, न ऐकलेला माणूस आला. आधी ती रडली. मग त्याच्यात अशी गुंतली की मला भरवताना काऊचिऊऐवजी त्याच्या गोष्टी सांगायची. बाबा चेष्टेने त्याला "तुझा तो मांडववाला" म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. हॉर्नब्रुक होताच मांडववाला. जहाजांचं सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा, बापाच्या हाताखाली लाकूड शिकला, मग एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायला लागला. त्या काळी अमेरिकेत गावोगावी मोठमोठी प्रदर्शनं भरायची. यंत्रं, गुरं, फळं, काय काय. त्यासाठी महालांसारख्या इमारती उभारायच्या आणि प्रदर्शन संपलं की पाडून टाकायच्या. आतून लाकडाचा सांगाडा, बाहेरून तागाचे धागे घातलेलं प्लास्टर, वर पांढरा रंग. लांबून बघणाऱ्याला वाटावं संगमरवर. यात हॉर्नब्रुकचा हात धरणारा कोणी नव्हता. एका गावचं प्रदर्शन संपायच्या आत दुसऱ्या गावचं बोलावणं यायचं. दगडाचं काहीतरी बांधू, टिकेल असं, असं तो म्हणायचा आणि पुढचा मांडव घ्यायचा. बायको आणि एक मुलगी घेऊन तो हॉटेलांत, खानावळींत राहायचा. त्याने स्वतःसाठी घर कधी बांधलंच नाही.

"मुलगी शाळेत कुठे जायची?" मी एकदा विचारलं होतं.

"ते पुस्तकात नाहीये गं," आई म्हणाली होती.

त्याच्या कामाची एक पद्धत आई फार रंगून सांगायची. मांडवाचा खिळा पुरा ठोकायचा नाही. डोकं बोटभर वर ठेवायचं, म्हणजे उतरवताना पकडीत सापडतो, लाकूड चिरत नाही, पुन्हा वापरता येतं. हॉर्नब्रुक स्वतः फळ्यांवरून हात फिरवत जायचा आणि पुरा ठोकलेला खिळा सापडला की सुताराला घरी पाठवायचा. हे सांगताना आई टेबलावरून हात फिरवायची आणि मला खरोखर तिथे खिळे दिसायचे.

शाळेच्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रत्येकाला एक मोठा प्रकल्प करायचा होता आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो पालकांसमोर मांडायचा होता. मी हॉर्नब्रुक घेतला. माझ्या मनात तेव्हा ठरलेलं होतं की मे महिन्यात शाळेची अंतिम परीक्षा द्यायची आणि डेल्फ्टला आर्किटेक्चरला जायचं. त्या हिवाळ्यात आई आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. ती थालीपीठ थापता थापता मराठीत सांगायची, मी डचमध्ये लिहायचे. थालीपिठाची भोकं पाडून तेल सोडलं की तिला पुढचं आठवायचं. त्या दोन महिन्यांत ते घर मला घरासारखं वाटलं.

मग एका सोमवारी बाबा लवकर घरी आले. जॅकेट न काढताच म्हणाले, "झालं एकदाचं. कंपनीने पुण्यात जागा देऊ केलीय. एप्रिलमध्ये निघायचं."

आईच्या हातात कुकरची शिट्टी होती. ती तिने कुकरवर ठेवलीच नाही.

"एप्रिल?" मी म्हटलं. "बाबा, माझी परीक्षा मेमध्ये आहे."

"पुण्यात बारावीला बसता येईल की. चौकशी केलीय मी. एक वर्ष जाईल फार तर."

"आणि डेल्फ्ट?"

"सई, अण्णा ब्याऐंशीचे आहेत." ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. "येत्या सोमवारी मला हो कळवायचंय. रविवारी अण्णांना सांगू. तोवर कोणाला बोलू नका."

मी वर जाऊन खोक्यांना लाथ मारली. घडी केलेल्या खोक्याला लाथ मारून काहीही होत नाही, पाय तेवढा दुखतो. आईकडून मला आशा होती. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिने एक खोका उघडून त्याला खालून चिकटपट्टी लावलेली होती आणि ती त्यात पितळेचे डबे ठेवत होती. मी तिला म्हटलं, "तू काहीच नाही बोलणार?" ती म्हणाली, "काय बोलू? खिळे वरच ठेवले होते आपण." त्या वेळी मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेत प्रकल्प मांडायचे होते. बाबा आले, ऑफिसच्या कपड्यांतच. आई त्यांच्या शेजारी, तिसऱ्या रांगेत. बाबांना ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, डच त्यांना अगदीच जेमतेम. त्यामुळे मी बोलायला लागले तशी आई त्यांच्या कानाशी लागून मराठीत सांगायला लागली. गोष्ट तिला पाठच होती, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मांडव सांगितले, प्लास्टर सांगितलं, वर ठेवलेले खिळे सांगितले. मग शेवटच्या इमारतीवर आले. एका लहानशा गावात हॉर्नब्रुकने फळाफुलांच्या प्रदर्शनासाठी मंडप बांधला. प्रदर्शन संपल्यावर माणसं पकडी घेऊन उतरवायला आली तर त्यांना खिळ्याचं एकही डोकं सापडेना. सगळे खिळे पुरे ठोकून, वर पुट्टी भरून, रंगवलेले होते. सांधे जहाजासारखे खुंट्या मारून घट्ट बसवलेले. खटपट करून माणसं कंटाळली आणि निघून गेली. तो मंडप तिथेच राहिला. पुढे तिथे गावाचं वाचनालय झालं आणि अजून आहे.

"पण त्याने असं का केलं?" आमच्या सरांनी विचारलं. प्रश्न विचारायची रीतच होती.

आईच्या प्रबंधात याला उत्तर नव्हतं. मी काय उत्तर द्यायचं ते ठरवूनही आले नव्हते. मी म्हटलं, "त्याची मुलगी त्या गावात शाळेत जात होती. तिला तिथून हलायचं नव्हतं."

"हे कुठे सापडलं तुला?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मला असं वाटतं."

हे पुस्तकातलं नव्हतं, तिने कधी सांगितलेलं नव्हतं. तरी आईने ते बाबांना मराठीत सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्द न चुकवता. कानात नाही, चारचौघांत बोलावं तशा आवाजात. "त्याची मुलगी त्या गावात शाळेत जात होती. तिला तिथून हलायचं नव्हतं." पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. बाबांनी मान खाली घातली. आईला डच कळतं हे मला तेव्हा समजलं. डॉक्टरच्या खोलीत इतकी वर्षं ती सगळं ऐकत होती. घरी परतताना वारा समोरून होता आणि तिघांच्या फीट्स एकामागे एक.

शनिवारी सकाळी बाबा बाजारहाट करायला गेले. मी अभ्यासाचं सोंग करून वर पडले होते. खाली दाराचा आवाज झाला, म्हणून खिडकीतून पाहिलं तर आई चपलांवरच शेजारच्या आन्सच्या दाराशी उभी. आन्स म्हणजे एकटी राहणारी सत्तरीची बाई, आमच्या चादरीकडे बघून रोज मान हलवणारी. आई तिच्याशी बोलत होती. मला न बोलावता! तुटकं डच, क्रियापदं भलत्याच जागी, पण आन्सला कळलं. पाच मिनिटांत दोघी आमच्या घरात, आईच्या हातात भोकं पाडायचं मशीन आणि आन्सच्या हातात तिचा व्हॅक्यूम क्लीनर.

मी जिन्यात बसून पाहिलं. आईने पुण्याहून आणलेला पितळी ओळंबा खोक्यातून काढला, दोरी भिंतीवर धरली, पेन्सिलने खूण केली. मशीन सुरू झालं तसा त्या काँक्रीटच्या भिंतीचा आवाज घरभर घुमला आणि माझ्या खालचा जिना थरथरला. आन्स व्हॅक्यूमची नळी भोकाखाली धरून सगळी धूळ ओढून घेत होती आणि मोठ्यांदा म्हणत होती, "खुत, हील खुत," म्हणजे छान, फारच छान. आईने खुंटी बसवली, स्क्रू आवळला, आवळतच राहिली, पार आत जाईपर्यंत. मग अण्णांचं घड्याळ दोघींनी उचलून लावलं. आईने किल्ली दिली, काटे जुळवले आणि लंबकाला बोट लावलं.

बाबा पिशव्या घेऊन आत आले आणि दारातच थांबले. टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. ते घड्याळाकडे बघत राहिले, मग आईकडे. तिच्या केसांवर पांढरी धूळ होती.

"तुम्हाला जायचं असेल तर जा," आई म्हणाली. "अण्णांकडे मुलाने जावं, मी अडवणार नाही. पण सईची परीक्षा इथे होणार. आणि मी उद्यापासून पुढच्या वर्षीसाठी जगणार नाही."

बाबांनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यातला कांदा गडगडत सोफ्याखाली गेला, तो त्यांनी वाकून काढला.

रविवारी बाराला पाच कमी असतानाच फोन लागला. तब्येत झाली, साताऱ्याची थंडी झाली. अण्णा खुशीत होते. "मग, कधी येताय?" त्यांनी विचारलं. बाबांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. आई उठायला गेली, पण टोल्यांना कोण थांबवणार! आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो आणि तिकडून अण्णांचा श्वास ऐकू येत होता. बारावा टोला पडला.

"आपलं घड्याळ?" अण्णा म्हणाले.

"हो, अण्णा."

"भिंतीवर लावलंत?"

बाबांनी फोन जवळ ओढला. "हो. काल लावलं."

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, अण्णा आता फोन ठेवणार.

"टोला जरा ओढतोय," अण्णा म्हणाले. "तिरकं बसलंय. खालून थोडं डावीकडे घे. बोटभरसुद्धा नाही, अगदी थोडं."

बाबा उठले. घड्याळाच्या खालच्या टोकाला बोट लावून त्यांनी ते सरकवलं, कान देऊन ऐकलं, पुन्हा किंचित सरकवलं. आईचा ओळंबा कधी चुकत नसे आणि घड्याळ आधीच सरळ होतं, पण ती एक शब्द बोलली नाही.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता बरोबर आहे," अण्णा म्हणाले. त्यानंतर ते आणखी सहा वर्षं जगले, बाबा दर हिवाळ्यात साताऱ्याला जाऊन राहायचे, रविवारचा फोन एकदाही चुकला नाही. पण कधी येताय, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.